पुंडलिकचा आवाज

रविवार, ३ नोव्हेंबर
इथे आखातात आल्यावर अर्दियातलं ऑफिस आवडलं. शेजारच्या टेबलावरच्या साबीरने माझ्या स्वागताला सगळ्यांना कुनाफा नावाची इथली मिठाई वाटली. एगैलातल्या खोलीच्या खिडकीतून समुद्राची बारीक निळी रेघ दिसते. आईला पुण्याला व्हिडिओवर दाखवली. काम सोपं आहे. कंपनीच्या क्लाउडवरच्या जुन्या फायली लावायच्या आणि नियम घालायचा: वर्षभर कुणी उघडली नाही, तर फाइल आपोआप पुसली जाईल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
नियम छान चालतोय. ढीगभर फायली गेल्या. फक्त एका जुन्या अपघाताचं फोल्डर जात नाही. त्यातली आवाजाची फाइल रोज दुपारी कुणीतरी उघडतं. उघडणाऱ्याचं नाव पुंडलिक. साबीर म्हणाला, तो मालवणकडचा फिटर, वफ्राच्या तेलविहिरींच्या कामावर टाकीत गुदमरून गेला. त्याचं खातं तेव्हाच बंद केलंय.

बुधवार
फाइल ऐकली. टाकीतून बायकोसाठी मोबाइलवर बोललेला निरोप, नेटवर्क नव्हतं म्हणून न पोचलेला. खोकत खोकत विचारतो, द्वारका, माडांना पाणी घातलंस? घरी मात्र कंपनीने कळवलं होतं, जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही.
मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

गुरुवार
मॅनेजर गुरुप्रसाद सरांनी सांगितलं, कुणी उघडो न उघडो, ते फोल्डर रविवारी पुसलं गेलं पाहिजे. मी तशी मुदत घातली. मग राहवेना. फोल्डरमधल्या नंबरवर द्वारकाबाईंना फोन केला. म्हटलं, त्यांचा शेवटचा निरोप पाठवते.
त्या शांतपणे म्हणाल्या, "ते गेले ता माका ठावक आसा. तरी रोज दुपारी ह्यांचो फोन येता. आज म्हणाले, आयतवारपासून जमाचा नाय."
रविवारच्या मुदतीचं सर आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

रविवार
मुदत काढतेय, निघत नाही. साबीर म्हणाला, प्रत काढ. काढली. प्रतीत शब्द नाहीत, नुसता श्वास.

दुपार. फाइल उघडली गेली. पुंडलिक ऐकतोय, आत्ता, माझ्या समोर —

गेली. फोल्डर रिकामं.

फोन. द्वारकाबाईंचा नंबर. रडतायत. विचारतायत, बोलता बोलता मधेच का गप्प झाले ते.
त्यांच्या रडण्याच्या मागे कुणीतरी खोकतंय. जवळ येतंय —
"ताई, माझा बोलणा अजून संपूक नाय, तिका सांग —