नव्या चिनी राजदूताला डुकरीण दाखवायची नाही

२ ऑक्टोबर
तेविता सांगून गेला. नवा चिनी राजदूत गुरुवारी त्यांच्या पैशाने चाललेलं गावच्या सभागृहाचं काम बघायला येणार, नारळपाणी माझ्या ओट्यावर. माझ्याच असणार. तेविता गावचा प्रमुख असेल, पण बहीण मी. आम्हा टोंगाच्या लोकांत भावापेक्षा बहीण वरची.
राजदूत खूप पाहिले. पाहुण्याने वस्तू वाखाणली की ती द्यावीच लागते. पहिल्याने चटई वाखाणली, गेली. दुसऱ्याने झाडाच्या सालीचं कापड. तिसरी बाई होती, तिने कोंबडा. नात लोसा म्हणते, आजी, ती माणसं उगाच गोड बोलतात गं. उगाच कशाला? माझ्या घरात नजर अडकतेच.
आता लोसाच्या लग्नासाठी पोसलेली डुकरीण आहे. ठरलं. याला काही दिसू द्यायचं नाही.

५ ऑक्टोबर, सकाळ
सामान पलंगाखाली. डुकरीण न्हाणीघरात. लोसा म्हणाली, घरात चोरी झाल्यासारखं वाटतंय. वाटू दे.

संध्याकाळ
आला. पाणी प्यायला, थँक्यू म्हणाला, उठला. काही म्हणजे काही वाखाणलं नाही. जिंकले!
मग शेजारी फिफिताकडे वळला. तिचा पंखा वाखाणून घेऊन गेला. तुटक्या दांड्याचा.

८ ऑक्टोबर, रविवार
फिफिताने चर्चच्या दारात गाठलं. म्हणे, तुझ्याकडे दाखवण्याजोगं काही उरलं नाही वाटतं? मी म्हटलं, दया येऊन नेला गं त्याने.
रविवारी कामाला हात लावत नाही. डुकरिणीला साबण लावला, पण ते काम नव्हे.
गुरुवारी सभागृहाचं उद्घाटन, राजदूत परत येणार. डुकरीण नुसती दाखवायची. वाखाणू दे. द्यायची नाही. मी खंबीर आहे.

११ ऑक्टोबर
लोसा रडली. म्हणे, लग्नात काय वाढशील, फिफिताचा पंखा? आगाऊ कार्टी. मला नाही म्हणता येतं, म्हटलं. तिने विचारलं, आजवर कुणाला म्हणालीस?
अजून आठवून बघतेय.

१२ ऑक्टोबर
डुकरीण पायरीशी बांधली. गळ्यात हार, लोसाची लाल रिबन. सगळं गाव जमलं. फिफिता सगळ्यांत पुढे.
राजदूत वाकला. निरखून बघितलं. दुभाषी मुलीने सांगितलं, साहेबांच्या वडिलांकडेही डुकरं होती, हिच्या दुप्पट. साहेब विचारतात, ही आजारी आहे का?
तेविताने हसता हसता नारळपाणी सांडलं.
लग्नाची डुकरीण वाचली. आज तिला खायला घातलं नाही.