दोनदा ठोकलं की थांबायचं

९ जाने., शहादा
सात टाके. उजव्या दंडाला. दवाखान्यात सांगितलं, पत्रा लागला. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, पत्र्याला चांगलंच टोक होतं वाटतं. मी हो म्हटलं. धंद्याचं गुपित ना! पंधरा वर्षं हेच चाललंय.

कालचा तळोद्याचा शो. तलवारीची पेटी, नेहमीचीच. मी आत, हे बाहेर. लोकांना वाटतं जादूगार तलवारी खुपसतो आणि बाई मंत्राने वाचते. कसला मंत्र! प्रत्येक तलवारीचं टोक मी आतून हाताने धरते आणि तिला वाट करून देते. मानेमागून, काखेतून, गुडघ्याखालून. बारा तलवारी, क्रम ठरलेला. सहावी आली की मी उजवा हात उचलते, मग त्या रिकाम्या जागेतून सातवी. काल ह्यांनी सहावीच्या आधी सातवी घातली. माईकवर बोलण्याच्या नादात.

चूक होते माणसाची, मान्य. म्हणून तर खूण ठरलेली आहे. हात तलवारींत गुंतलेले असतात, तेव्हा पायातल्या जोडव्याने फळीवर ठोकायचं. एकदा म्हणजे चला पुढे. दोनदा म्हणजे थांबा.
मी दोनदा ठोकलं. परत दोनदा. तलवार येतच राहिली.

१० जाने.
विचारलं. ज.सा. (जादूगार साहेब. या वहीत तरी आता नवरा लिहिणार नाही) दाढी करत होते. "स्पीकर केवढा मोठा व्हता! मले काहीच आयकू उनं नही." मग आरशातच बघत, "टाळ्या आयकू उन्यात ना तुले?"
आल्या ना. दार उघडलं, दोन्ही हात वर केले, हसले, त्याच टाळ्या. रक्त कोपरापर्यंत आलं होतं. मरून रंगाची बाही, कोणाला काय दिसणार! मरूनच का, ते पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. वाटलं होतं, आवडीने आणलाय ड्रेस.
डोकं भणभणतंय नुसतं.

१२ जाने.
भाकरी थापता येत नाही. सगळं मनीषा करते. धाकट्या दिराची, कैलासची बायको. लग्नाला अजून वर्ष नाही.
ब्राह्मणपुरीहून भावाचा फोन. तुरीच्या शेंगा पाठवतो म्हणाला. हाताचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो कुऱ्हाड घेऊन आला असता आणि पेटीचं सरपण केलं असतं. सांगायला हवं होतं खरं तर.

१५ जाने.
२४ ला धडगावचा शो ठरला. मी म्हटलं, टाके ओले आहेत.
ज.सा. जेवताजेवता: "तू राहू दे. मनीषाले बसाडसूत. पोर बारीक शे. तू आते पेटीमा मावस नही."
मनीषा वाढत होती. पळी तशीच हातात. कैलास खाली मान घालून जेवतोय. शोमध्ये गाणी लावणारा माणूस, स्वतःच्या बायकोसाठी एक शब्द काढेना!
मी विचारलं, तिला क्रम कोण शिकवणार? "तू. त्यामा काय शे? नुसतं बसनं त शे."
नुसतं बसणं!! म्हणजे पंधरा वर्षं मी नुसती बसले.

१६ जाने.
शिकवलं तर ती बसणार. नाही शिकवलं तरी बसणारच, आणि मग हात कधी उचलायचा तेही तिला ठाऊक नसणार. दोन्हीकडून माझ्याच गळ्यात. संतापाने रडू आलं. मला रडणं आवडत नाही.
मनीषा पीठ मळत होती. "ताई, तुम्हले पत्रा नही लागना ना?"
"नही."
ती मळत राहिली.

२० जाने.
टाके काढले. हात वर जातो, पण पूर्ण नाही. क्रम अजून शिकवलेला नाही. ज.सा. दोनदा विचारून गेले.

२२ जाने.

सकाळी पेटी अंगणात काढायला लावली. मनीषा, कैलास दोघं होते, त्यांच्यासमोरच ज.सा.ना म्हटलं, नुसतं बसणं आहे ना, मग तुम्हीच बसून दाखवा तिला. आता नाही म्हणता येईना. "दखाडस ना, त्यामा काय!" पोट आत ओढून शिरले. दार लागेना, मी गुडघ्याने रेटलं. ठोकायला काही हवं म्हणून त्याआधी माझं जोडवं काढून हातात दिलं होतं. कैलासला सांगितलं, तळोद्याला होतं तेवढंच मोठं गाणं लाव. शेजारची आजी कानावर हात ठेवून ओट्यावर आली.

इतक्या वर्षांत तलवार मुठीकडून कधी धरलीच नव्हती. माझ्या वाट्याला टोक. जड असते. पहिली घातली. दुसरी घातली. मधल्या सोडून एकदम सातवी. हळूच, बोटभर आत.
त्यांनी दोनदा ठोकलं.
कानाला खरंच काही ऐकू आलं नाही. तेवढं खोटं बोलले नव्हते. पण मूठ थरथरली. फळीतून पात्यात, पात्यातून माझ्या तळहातात. दोनदा, अगदी स्वच्छ. परत दोनदा. ठार बहिऱ्या माणसालाही कळलं असतं.
पंधरा वर्षं तीच मूठ धरणाऱ्याला हे माहीत नव्हतं?

मी तशीच उभी राहिले. किती वेळ, ते लिहीत नाही. पुढे ढकलली नाही, पण काढलीही नाही. आतून ठोकणं चालूच. मग काढली.
ज.सा. घामाने चिंब होऊन बाहेर आले. "कितलं ठोकं मी! आयकू उनं नही का तुले?"
म्हटलं, "नही. स्पीकर मोठा व्हता."
माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे, मुठीकडे. आणि आत गेले.

२३ जाने.
उद्या धडगाव. जीप सकाळी सातला येणार.  कैलासने विचारलं, पेटी जीपवर बांधायची का? ज.सा.नी माझ्याकडे बोट दाखवलं.  पेटी अंगणातच आहे.
दुपारी मनीषा भांडी घासून आली. पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, मी बसू का नको?"
तिला पेटीपाशी घेऊन गेले. सातवी तलवार भोकात घातली आणि मूठ तिच्या हातात दिली. म्हटलं, घट्ट धर, मी आत जाते. काही कळलं तर तुला वाटेल ते कर.
आत बसले, दार ओढून घेतलं. मावते मी अजून. जोडवं तिथेच कोपऱ्यात पडलं होतं. ते उचलून फळीवर दोनदा ठोकलं.
 तलवार लगेच मागे गेली.