आत्याच्या गच्चीवरचं जंगल

तीर्थरूप आत्यास,

चिमणीचा वाकून नमस्कार. तू बरी असशीलच (आजारी पडायला तुला वेळ कुठे आहे?). काकांची नवी कवळी बसली का, की अजून पेल्यातच मुक्काम? आम्ही सगळे मजेत. मी मात्र सध्या गावाकडे आकाशातून बघते आहे.

त्याचं असं झालं. आमच्या नगररचना कार्यालयात नकाशांचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि गावातली कुठली जमीन कशाला वापरली जाते, त्याचा रंगीत नकाशा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेब म्हणाले, "मंजूर झाला तर पुढचे नकाशेही तुझ्याकडे. नाहीतर जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी." (तिथे माणूस हसत येवो की रडत, रांग तेवढीच.) काम ऐकायला सोपं. उपग्रहाने काढलेल्या फोटोवर थोड्या जागांभोवती रेघ मारून कॉम्प्युटरला शिकवायचं, बाळा, हे पाणी, हे शेत, ही वस्ती, हे जंगल. उरलेलं गाव तो आपणहून रंगवतो. बाळ हुशार, पण दीडशहाणं. कारखान्यांचे निळे पत्रे त्याला पाणी वाटले आणि त्याने अख्खी औद्योगिक वसाहत बुडवली. साहेब म्हणाले, "गावात एवढं पाणी असताना माझ्या नळाला काय धाड भरलीय?" मग मी त्याला समजावलं, निळं दिसतं ते छप्पर. त्याने इमानेइतबारे तळ्यावर पत्रे चढवले! शेवटी गोंजारून, दटावून, नमुने बदलून एकदाचं जमलं.

मग बैठक. वरच्या कार्यालयातले मोठे साहेब आले, पडद्यावर नकाशा झळकला आणि त्यांनी बोट ठेवलं, "वस्तीच्या मधोमध हे घनदाट जंगल कुठून आलं?" मी फोटो मोठा केला. आत्या, ते तुझं घर! तुझे भोपळ्याचे वेल, तुझ्या कुंड्या, तो माजलेला मोगरा. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला, मला खिडकी दिसू लागली. थापा मारायला सुचेना, म्हणून खरं तेच बोलले, "साहेब, ती माझ्या आत्याची गच्ची आहे."

मोठे साहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "एवढा ठिपका वस्तीत धरा, बाकी नकाशा उत्तम," म्हणाले, "पण ह्या बाईंना भेटलंच पाहिजे." नकाशा मंजूर! तेव्हा आत्या, तुझं अभिनंदन, आणि थोडं माझंही.

तुझी,
चिमणी

ता. क. शनिवारी सकाळी दोन्ही साहेब तुझ्याकडे जंगल बघायला येताहेत. (काकांना बनियनवर गच्चीत फिरू देऊ नकोस, वन्यप्राण्यांत मोजतील.)

आणखी ता. क. तो फोटो जुना होता, गं. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला. "अगं, गच्ची गळायला लागली म्हणून वन्संनी कुंड्या कधीच वाटून टाकल्या!" घास तोंडातच राहिला. सकाळी धावत जाऊन यंदाचा फोटो उघडला. तुझी गच्ची बोडकी. पण तुझी सगळी गल्ली, जी आधी नुसती करडी होती, तिच्यात गच्ची-गच्चीवर हिरवे ठिपके! म्हणून हात जोडून सांगते, साहेबांना तुझी गच्ची दाखवू नकोस, गल्ली दाखव. कुठलं रोप कुणाकडे दिलंयस, ते तुला तोंडपाठ असेलच. कॉम्प्युटरला विचारून पाहिलं, तो म्हणतो, ही नुसती वस्ती. त्याला काय कळतंय!