कुटाच्या डब्याचं झाकण

भिवंडी, शनिवार, संध्याकाळ

मुलीची मैत्रीण सना आज पहिल्यांदा जेवायला आली. तिला शेंगदाणा चालत नाही. एकदा घसा सुजून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणून मुद्दाम पास्ता केला. शिंपल्यांसारख्या मोठ्या पास्त्यात पालक-पनीरचं सारण भरलं, वर चीज किसून ओव्हनमध्ये भाजला.

पानं वाढली आणि ओट्यावर दाण्याच्या कुटाचा डबा दिसला. झाकण उघडं. मी घातला का? सारण म्हटलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. आठवेना. एक तुकडा चाखला, चीजपुढे काही कळेना.

सनाने काटा उचलला होता. मी तिची प्लेट ओढूनच घेतली.

"आई, काय हे!" मुलगी ओरडली.

सना हसली, "आंटी, बुलाके भूखा रखोगी क्या?"

मी कुटाच्या डब्याकडे बोट दाखवलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी घातलाय दोन चमचे. कुटाशिवाय सारण कसलं?"

त्यांना सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

सना ब्रेड-चीज खाऊन सुखरूप घरी गेली. पण सासूबाई डबा कधीच उघडा ठेवत नाहीत. आजही झाकण लावलं असतं तर?