फडकं गुंडाळलेला चमचा

मंगळवार, दि. १४

प्रिय ताई,

तुला व भावोजींना नमस्कार. देवाच्या दयेने आम्ही दोघं ठीक. अर्धांगाच्या झटक्यानंतर यांचा उजवा हात तेवढा अजून रुसलेलाच आहे.

तुझ्या सासूबाईंसाठी तू ऑक्युपेशनल थेरपिस्टचं विचारलंस. मला आधी वाटायचं, फिजिओथेरपिस्ट आणि ही एकच. तसं नाही. तो हातापायांत ताकद आणतो; ही त्या हातांना रोजची कामं पुन्हा शिकवते. जेवण, बटणं, आंघोळ. आम्हाला इस्पितळातल्या नर्सने नाव सांगितलं, तर बाई निघाली मागच्याच गल्लीतली. काखेत कळसा! तूही आधी इस्पितळातच विचार, आणि घरी येऊन बघणारी माग.

पहिल्या दिवशी तिने हात बघायच्या आधी विचारलं, "काका, स्वतःचं स्वतः काय करावंसं वाटतं?"

हे म्हणाले, "जेवायचंय. हिच्या हातून नको."

हिच्या हातून नको! आजारपण आल्यापासून एकेक घास मऊ करून भरवतेय मी.

बाई चांगली आहे, खोटं कशाला बोलू. चमच्याच्या दांडीला जुनं फडकं गुंडाळून ती जाड केली, म्हणजे बोटांत धरवते. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. विकत काही आणायला लावलं नाही. पण हे तिच्याशी हसतात गं! सांडलं की ती म्हणते, "काका, जमिनीलाही भूक असते," आणि हे पोट धरून हसतात. माझ्या वाट्याला नुसतं "हं".

मला म्हणते, "काकू, मदत करायची नाही, नुसतं बसायचं." नुसती बसणार कुठे? देवापुढे बसते. जप ओठांवर, कान स्वयंपाकघरात.

गेल्या आठवड्यात मी तिला कळवलं, यांना आता बरं आहे, येऊ नका. चमच्याचं फडकंही सोडून टाकलं. तेलकट झालं होतं म्हणून.

तेलकट नव्हतं झालं, ताई. आदल्याच दिवशी धुतलं होतं.

काल दुपारी मी घास पुढे केला, तर यांनी तोंड मिटून घेतलं. रागावले नाहीत. उठून ओट्यावरचं फडकं आणलं, एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने चमच्याभोवती गुंडाळायला लागले. सुटायचं. पुन्हा गुंडाळायचे. पुन्हा सुटायचं.

मला राहवेना. "द्या इकडे, मी करते."

"नको." फडकं आणखी एकदा सुटलं, तेव्हा म्हणाले, "तू नुसतं टोक धर."

मी धरलं.

निम्मं जेवण सांडलं. हे उठेपर्यंत मी पुसायला गेले नाही. नंतर बाईला फोन केला, "उद्यापासून या."

"काका मागे लागले वाटतं?"

"नाही. मीच बोलावतेय."

आत्ता येईलच ती. दोघं हसतील. हसू देत.

तू सासूबाईंसाठी अशीच कुणी बघ. फक्त त्यांना काय हवंय ते ती विचारेल, तेव्हा दाराशी उभी राहू नकोस. ऐकवत नाही.

अजून थोडी जळणारी,
तुझी धाकटी