सहा सेंटिमीटरचा ओटा

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकटीचा साष्टांग नमस्कार. एरवी हा नमस्कार कागदावरच घालायचा असतो, पण गेले अठरा दिवस मी खड्ड्यात पालथी पडूनच माती खरवडते आहे, तेव्हा तुमच्या दिशेला तोंड करून एक खराखुरा घातला असं धरून चाला. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? माझी तब्येत ठणठणीत आहे. भूक सपाटून लागते. झोप मात्र उडाली आहे आणि त्याचंच हे पत्र आहे.

‘या वयात उन्हातान्हात माती उकरायला कशाला जातेस?’ असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तुम्हाला पाऊण तास ऐकवलं होतं. चौतीस वर्षं गणित शिकवलं, मोजमाप माझ्या हाडात मुरलंय, तिथल्या पोरांनाच माझ्याकडून चार गोष्टी शिकायला मिळतील वगैरे. ते सगळं मी बिनशर्त मागे घेते. (वहिनी ऐकत होत्या, त्यांनाही सांगा.)

आमचं उत्खननाचं शिबिर एका शाळेत आहे. सुट्टीमुळे शाळा रिकामी, म्हणून वर्गांतच गाद्या टाकल्या आहेत. मी पाचवीच्या वर्गात झोपते. पहिल्याच दिवशी मी फळा पुसून कोपऱ्यात तारीख घातली, त्यामुळे सगळे मला ‘बाई’च म्हणू लागले. माझ्या शेजारच्या गादीवर एक मुलगी आहे. अंगाने काडी आणि एका जागी म्हणून बसायची नाही, त्यामुळे तिचं नाव पडलंय खारूताई. खड्ड्यातही आमची जोडी. मी टेप धरायची, तिने आकडा वाचून पातळीच्या वहीत लिहायचा. पोरीला हेच पुढे शिकायचंय. शिबिर चालवणारे आमचे सर दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला शिफारसपत्र देतात आणि यंदा ते तिला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. घरचे म्हणालेत, पत्र मिळालं तर शीक, नाहीतर मामाच्या दुकानात बस.

आता खुंटीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या दोन खड्ड्यांच्या कडेला एक लोखंडी खुंटी आहे. तिच्या डोक्याला दोरी बांधायची, दोरी आडवी ताणून धरायची आणि तिथून खाली टेप सोडायची. मडक्याचा तुकडा सापडो, चूल सापडो, तो खुंटीच्या डोक्यापासून किती खाली, एवढंच वहीत जातं. खुंटी हलली की सगळंच हललं. हे सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते.

तर नवव्या दिवशी त्या खुंटीला ठेचकाळून मी दुसऱ्यांदा पडले. सगळे चहाला गेले होते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, भिंतीतून खिळा अर्धवट बाहेर दिसला तरी मला चैन पडत नाही. मी एक दगड उचलला आणि खुंटी खाली ठोकली. चांगली दणदणीत, चार ठोके. पायात येणारी अडचण दूर केली, सगळ्यांची सोय झाली, अशा समाधानात मी चहाला गेले आणि त्या दिवशी दोन कप प्यायले. (इतकी वर्षं मुलांना ‘डोकं कुठे ठेवून आलास?’ विचारत आले, त्याचा जाब देव असा घेतो.)

पहिल्या खड्ड्यात एका जुन्या घराची चोपलेली जमीन त्या ठोक्यांच्या आधीच लागली होती, ब्याण्णव सेंटिमीटरवर. चौदाव्या दिवशी दुसऱ्या खड्ड्यात तीच जमीन लागली, ती शहाऐंशीवर. मध्ये मातीचा बांध राखलेला, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसत नव्हत्या. सर हरखून गेले. म्हणाले, इथे ओटा आहे! घरातली कर्ती माणसं वर बसत असणार आणि बाकीची खाली. मग त्यावर दोन दिवस चर्चा झाली. कर्ता पुरुष की कर्ती बाई, यावर पोरांची भांडणं झाली. मी बाईच्या बाजूने हिरिरीने बोलले, दादा. म्हणजे सहा सेंटिमीटरचा ओटा मी बांधला आणि त्यावर कोणाला बसवायचं तेही मीच ठरवत होते.

सोळाव्या दिवशी बांध काढला. ओट्याची कड बघायला वीस माणसं गुडघ्यांवर बसली होती. जमीन ताटासारखी सपाट निघाली. सरांनी गवंड्याची बुडबुड्याची पट्टी ठेवून पाहिली, तर बुडबुडा मधोमध बसला. मग त्यांनी खुंटी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ती तसूभरही हलेना. इतकी पक्की खुंटी साऱ्या शिबिरात नाही, असं ते म्हणाले. त्या क्षणी धरणी दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. खड्डा तयारच होता.

खुंटी पक्की, टेप ठीक, मग चूक कोणाची? वही लिहिणारीची. सरांनी तिच्याकडून वही काढून घेतली आणि तिला माती चाळायला पाठवलं. पत्राचं बघू, म्हणाले. आणि मी काय केलं असेल? गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिला वर्गात बसवून निष्काळजीपणावर बौद्धिक दिलं. आकडा दोनदा वाचावा, एकदा मोठ्याने वाचावा, वगैरे वगैरे. ती ‘हो बाई, हो बाई’ म्हणत होती आणि आपल्या कच्च्या टिपणांतले जुने आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. चूक सापडेना म्हणून शेवटी रडली. मी तिला माझा रुमाल दिला. दादा, मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

अखेर काल मी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं की दोष माझा आहे. त्यांचा विश्वास बसेना. उलट ‘बाईंचं मन किती मोठं’ म्हणून पोरांनी टाळ्या वाजवल्या. खारूताईने तर मिठीच मारली. शिबिर संपायला दहा दिवस उरलेत, पत्र त्याच्या आत लिहिलं जाईल किंवा जाणार नाही. माझ्याने जे झालं ते मी केलं. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमची,
धाकटी

ता. क. पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला एक फोटो पाठवला होता. हातात थापी, एक पाय पुढे, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. वहिनींनी तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला, असं तुम्ही कळवलंत. त्यात माझ्या पायाशी खुंटी आहे आणि ती माझ्या घोट्याच्या वर येते. आता ती माझ्या चपलेच्या जाडीएवढी उरली आहे. तो फोटो फ्रेममधून काढून ताबडतोब पाठवा. निगेटिव्हही तुमच्याकडेच आहे.

आणखी एक. वर लिहिलंय ते पुरतं खरं नाही. मी सरांना दगड सांगितला नाही, चार ठोके सांगितले नाहीत, नववा दिवसही सांगितला नाही. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, ‘जाऊ द्या सर, लहान आहे ती, दोष माझ्यावर टाका.’ बक्षीस समारंभात बोलते त्या आवाजात म्हणाले. विश्वास बसणार नाही, असंच मी ते बोलले होते. टाळ्या वाजल्यावर हसलेसुद्धा.

म्हणून फोटो माझ्या नावाने पाठवू नका. माझ्या हातात आला तर तो ट्रंकेच्या तळाशी जाईल, माझा मला भरवसा नाही. पाकिटावर सरांचं नाव घाला, पत्ता शाळेचाच. आणि आत हे पत्रही ठेवा.