खोक्यातले शर्ट

३ नोव्हें.
इम्रान इथे गल्फला आला. मामूंचा धाकटा. दहा वर्षांचा असताना अमेरिकेला गेला, आता तिथला नावाजलेला डायरेक्टर. तीन पिक्चर, दोन अवॉर्ड. चौथा आमच्यावर. रत्नागिरीकडचं गाव, गल्फला गेलेला बाप. गल्फमध्ये बावीस वर्षं काढली मी, पिक्चर काढणार हा! सना त्याच्यासोबत सेल्फी काढून आली. "पपा, ही इज सो कूल." जळलो. स्वतःपाशी काय लपवायचं, जाम जळलो.

५ नोव्हें.
जेएलटीतल्या एका टॉवरमध्ये त्याच्या ऑफिसात गेलो. स्क्रिप्ट हातात दिली. "भाईजान, काही फॉल्स वाटलं तर सांगा हां." मी कॉलेजात एकांकिका लिहायचो तेव्हा हा शेंबूड पुसत होता.
वाचली. चांगली आहे, तेच दुखणं. एकाच ठिकाणी फसलाय. बापाने पाठवलेला खोका आई सगळ्या शेजाऱ्यांसमोर उघडते. साफ खोटं. गल्फहून अब्बांचा खोका आला की अम्मी आधी दार लावायची. काचेचे ग्लास अब्बांच्या वापरलेल्या शर्टांत गुंडाळलेले असत. ग्लास राहायचे बाजूला, ती शर्ट सोडवून उशाशी ठेवायची. न धुता.
हा सीन माझा. बारा वर्षं वहीत पडून आहे.
मेसेज केला, एकदम परफेक्ट.

११ नोव्हें.
सुट्टी टाकून शूटिंगला. रास अल खोरच्या गोदामात गावचं घर उभं केलंय, पडवीसकट. खोक्याचा सीन. नऊ टेक झाले. शेजारी हसतायत, आई साबण वाटतेय. इम्रान डोकं धरून बसला.
"समथिंग इज डेड हिअर. भाईजान, फुफीच्या, तुमच्या अम्मीच्या घरी असंच व्हायचं ना?"
"असंच."
"खलास. परवा परत घेऊ."
आतून कसं गारगार वाटलं. गाडीत बसलो तर अम्मीच आठवत राहिली.

१२ नोव्हें.
नसरीनला सगळं सांगितलं. भेंडी चिरता चिरता म्हणाली, "मग सांगून टाका ना. तुम्ही कुठे पिक्चर काढणार आहात?"
खरं बोलली म्हणूनच झोंबलं. आणि अम्मी गेल्यावर हे माहीत असलेला मी एकटाच…
उद्या सातला बोलावलंय. धुवायच्या ढिगातून माझा चौकड्यांचा शर्ट काढून पिशवीत घातला.
"अहो, तो धुवायचाय."
"राहू दे."
देईनच असं नाही.